दगड वाजवून बघा

आमगावहून डोंगरगडकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसलं, की सालेकसापर्यंत धानाच्या बांध्याच बांध्या दिसतात. सालेकसा मागे पडलं की जमीन उठायला लागते. जंगल रुळांच्या जवळ येतं, गाडी डोंगरात वळणं घेते, दरेकसा येतं आणि मग बोगदा. तिथला कातळ मी लहानपणापासून बघत आलो. त्याचं नाव कळायला चाळिशी यावी लागली. आणि त्याचा एक जातभाई राजस्थानच्या वाळवंटात उभा आहे, हे कळायला जोधपूरला जावं लागलं.

आमच्याकडच्या काही मुलांना दोर बांधून कातळ चढायचा नाद लागला आहे. पोलीस भरतीच्या तयारीसाठी पहाटे धावायला जाणारी ही मुलं. त्यातल्या चौघांनी दोन वर्षांपूर्वी हट्ट धरला की वाळवंटात जाऊन चढाई करायची आणि उघड्यावर मुक्काम करायचा. बिलासपूरहून जोधपूरजवळच्या भगत की कोठीला जाणारी गाडी गोंदियावरूनच जाते, त्यामुळे जाणं सोपं होतं. अवघड होतं ते कुठल्या दगडावर चढायचं, कुठे झोपायचं आणि पाणी किती घ्यायचं हे समजून घेणं. या तिन्हींची उत्तरं शेवटी एकाच ठिकाणी सापडली. ती दगडातच होती. म्हणून आधी दगडाविषयी लिहितो.

आमगावच्या लोकांना सहसा माहीत नसतं, पण भूविज्ञानाच्या पुस्तकांत आपल्या गावाचं नाव कायमचं कोरलेलं आहे. या भागाच्या तळाशी जो अतिप्राचीन, पट्ट्यापट्ट्यांचा खडक आहे, त्याला भूवैज्ञानिक ‘आमगाव नाइस’ म्हणतात. नाइस म्हणजे पट्टिताश्म. जुना खडक खोल जमिनीत प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत पुन्हा घडला, की त्यातली खनिजं फिकट आणि गडद अशा ओळींत लागतात. हा आपला पाया. या पायावर पुढे ज्वालामुखीचे आणि गाळाचे थर चढत गेले. त्या थरांच्या मोठ्या गटाला जवळच्या डोंगरगडचं नाव मिळालं. भूवैज्ञानिक एस. एन. सरकार यांनी १९५०च्या दशकात या भागात काम करून ही मांडणी केली. सालेकसा–दरेकसा परिसरातल्या डोंगरांत त्या गटातला एक खडक ठळकपणे दिसतो. तो म्हणजे ‘बिजली रायोलाइट’. त्याचं वय सुमारे २५० कोटी वर्षं मानलं जातं.

या आकड्यापाशी जरा थांबायला हवं. महाराष्ट्रात गिर्यारोहण म्हटलं की सगळे सह्याद्रीकडे बघतात. हरिश्चंद्रगडचा कोकणकडा, नाणेघाटाजवळचे सुळके, ढाक, कळकराय अशी नावं निघतात. तो सगळा काळा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आपला दरेकसाचा दगड त्याच्याहून पस्तीस-चाळीस पट जुना आहे. तो घडला तेव्हा पृथ्वीवर झाड नव्हतं, गवत नव्हतं, मासासुद्धा नव्हता. पाण्यात सूक्ष्म जीव होते, बस्स. पुण्या-मुंबईचे गिर्यारोहक आमच्याकडे फारसे येत नाहीत आणि आमची मुलंही ‘खरे डोंगर तिकडेच’ असं म्हणतात, तेव्हा मला हा आकडा मोठ्यानं सांगावासा वाटतो.

रायोलाइट हा अग्निजन्य खडक. बेसाल्टचा लाव्हा पातळ असतो, दूरवर वाहत जातो आणि थरावर थर टाकतो. म्हणून सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. रायोलाइटच्या शिलारसात सिलिका भरपूर, सत्तर टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे तो घट्ट असतो, शिजलेल्या खळीसारखा. त्यात कोंडलेल्या वायूंना सहज बाहेर पडता येत नाही. दाब वाढत जातो आणि शेवटी स्फोट होतो. तापलेली राख, काचेचे कण, खडकाचे तुकडे आणि वायू यांचा लोट जमिनीला घासत पळत्या गाडीच्या वेगानं दूर जातो. तो खाली बसतो तेव्हाही इतका गरम असतो की राखेचे कण स्वतःच्याच वजनानं दबून एकमेकांना चिकटतात. लोहाराच्या भट्टीत दोन तुकडे एक व्हावेत तसे. अशा दगडाला ‘वेल्डेड टफ’ किंवा ‘इग्निंब्राइट’ म्हणतात. बिजली रायोलाइटमध्ये अशा राखेच्या लोटांच्या खुणा अभ्यासकांनी नोंदवल्या आहेत. म्हणजे आज जिथे तेंदू आणि मोह उभे आहेत, तिथे एकेकाळी आगीचा वारा वाहिला होता.

आता जोधपूर. मेहरानगडचा किल्ला ज्या टेकडीवर आहे, तिचा दगडही रायोलाइटच आहे. तिथेही वेल्डेड टफ आहे, आणि तो इतका नमुनेदार की भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेनं त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलं आहे. पश्चिम राजस्थानात हजारो चौरस किलोमीटर पसरलेल्या या ज्वालामुखी खडकांना ‘मालानी’ समूह म्हणतात. वय साधारण ७५ कोटी वर्षं. आमच्या दगडाहून खूपच तरुण, पण घडण्याची रीत तीच. किल्ल्याच्या पायथ्याशी उभं राहून मी त्या तांबूस-तपकिरी कड्याला हात लावला तेव्हा घरचं माणूस परगावी भेटावं तसं वाटलं.

मग दोन्हीकडचे कडे इतके वेगळे का दिसतात? इथे पावसाचा हिशेब येतो. गोंदिया जिल्ह्यात वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जोधपूरला ३५०–४०० मिलिमीटर, आणि पश्चिमेला जैसलमेरकडे गेलं की २०० मिलिमीटरच्या खाली. आमच्याकडे पाणी दगडातल्या फेल्डस्पारला हळूहळू चिकणमातीत बदलतं, मुळं फटीत शिरून पाचर ठोकल्यासारखी फट रुंद करतात, वर शेवाळ आणि दगडफूल चढतं. दगडाच्या धारा बोथट होतात आणि प्रत्येक कपारीत माती बसते. वाळवंटात हे सगळं अगदी मंद चालतं. तिथे दगडाला दिवसा तापवलं जातं आणि रात्री निववलं जातं. काळपट कातळाचा पृष्ठभाग उन्हाळ्यात हाताला चटका देण्याइतका तापतो. वरचा थर प्रसरण पावतो, आतला थंडच राहतो, आणि वर्षानुवर्षांनी कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटतात. फटीत शिरलेलं थोडंसं खारं पाणी वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण कण उचकटून काढतात. जमिनीलगत वाऱ्याबरोबर येणारी वाळू पॉलिशच्या कागदासारखी घासते. वाळूचे जड कण वारा फार उंच उचलू शकत नाही, म्हणून कड्याचा सगळ्यात गुळगुळीत भाग बहुतेकदा पायथ्याशी सापडतो.

चढणाऱ्याला याचा सरळ उपयोग आहे. आमच्याकडे चढताना पहिली शंका ओलाव्याची आणि मातीची घ्यायची. बोटं कपारीत घातली की आत ओल आहे का, माती भुसभुशीत आहे का, विंचू आहे का. जोधपूरच्या दगडावर कपार कोरडी आणि धार पक्की, हाताला छान बसते. पण तिथे पहिली शंका पापुद्र्याची. वरून अखंड दिसणारी, पंज्याएवढी सुंदर पकड आतून सुटलेली असू शकते.

ही शंका फेडायची जुनी रीत म्हणजे दगड वाजवून बघणं. तळहाताच्या टाचेनं होल्डवर ठोका द्यायचा. पक्का दगड बारीक, घट्ट आवाज देतो आणि ठोका हातालाच परत येतो. सुटलेला दगड पोकळ बोलतो, रिकाम्या मडक्यासारखा. सह्याद्रीत चढणारे जुनेजाणते हेच करतात. एक बोट दगडावर ठेवून शेजारी ठोकलं, की थरथर कुठपर्यंत पोहोचते तेही कळतं. मी हे शिकलो ते चुकून. दरेकसाच्या बाजूला एका ठेंगण्या कातळावर, जमिनीपासून जेमतेम चार फुटांवर, न वाजवता धरलेला होल्ड माझ्या हातात आला. पायावर पडला नाही एवढंच नशीब. तेव्हापासून मुलांना मी पहिला दिवसभर चढूच देत नाही. नुसतं वाजवायला लावतो.

जोधपूरला या रीतीची मोठी शाळा आहे, पण गिर्यारोहणाची नव्हे. मेहरानगडच्या पायथ्याशी सुमारे ७० हेक्टरांचं राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. तिथे काही दशकं विलायती बाभळीचं रान माजलं होतं. तिथले लोक तिला ‘बावलिया’ म्हणतात. ही मेक्सिकोकडची झाडं. यांची मुळं रायोलाइटच्या फटीत खोल घुसतात आणि वरून कितीही तोडलं तरी ती पुन्हा फुटतात. २००६ साली प्रदीप कृष्ण यांनी हा परिसर मूळ वाळवंटी वनस्पतींसाठी मोकळा करण्याचं काम हाती घेतलं. बरंच काही करून पाहिल्यावर मदतीला आले ते खांडवालिया, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वालुकाश्माच्या खाणीत काम करणारे दगडफोडे. ते हातोडीनं कातळ ठोकून आवाज ऐकायचे आणि फट आत कुठल्या दिशेनं जाते ते सांगायचे. मग तेवढाच दगड छिन्नीनं फोडून मूळ समूळ काढायचे. खड्ड्याचा आकार झाड ठरवायचं आणि खड्ड्याची जागा दगडाचा आवाज. त्याच खड्ड्यांत माती घालून थोर, कुमट, गूगळ अशी तिथलीच झाडं लावली गेली. २०११ साली हे पार्क लोकांसाठी खुलं झालं. तिथे चढाई करायची नसते, आखलेल्या वाटांवरून चालायचं असतं. पण चढाई करायला निघालेल्या प्रत्येकानं आधी एक सकाळ तिथे घालवावी असं मला मनापासून वाटतं. रायोलाइट थंड होताना आकसतो आणि त्यात उभे खांब सुटतात. हे खांब, त्यांच्यामधल्या फटी आणि त्यांवर बसलेला वालुकाश्म, हे सगळं तिथे एका नजरेत बघायला मिळतं.

हा वालुकाश्म नीट ओळखायला शिका, कारण वाळवंटातल्या चढाईत सगळ्यात जास्त फसवणारा दगड तोच. रायोलाइटवर ज्वालामुखी शांत होऊन कोट्यवधी वर्षं उलटल्यावर वाळूचे थर बसले आणि त्यांचा दगड झाला. मेहरानगडच्या भिंती आणि उमेद भवन याच दगडाचे. घडवायला मऊ, म्हणून जाळीदार झरोके त्यात कोरता आले. पण मऊ म्हणजे चढणाऱ्याला कमी भरवशाचा. वाळूच्या कणांना जोडणारा लुकण काही वालुकाश्मांत चिकणमातीचा किंवा चुन्याचा असतो. पाऊस झाला की पाणी आत मुरतं, लुकण सैल पडतो आणि दगडाची ताकद बरीच कमी होते. वरून वाळलेला दिसला तरी आतून ओलाच असतो. म्हणून जगभरच्या वाळवंटी भागांत वालुकाश्मावर चढणाऱ्यांचा नियम आहे: पाऊस झाला की किमान एक दिवस, शक्यतो दोन-तीन दिवस त्या कड्याला हात लावायचा नाही. चढणाऱ्याचा जीव जातो तो वेगळाच, पण तुटलेला होल्ड कायमचा गेला. पुढच्या माणसाची वाटही गेली. रायोलाइट मात्र पाणी पीत नाही. पाऊस थांबून ऊन पडलं की तासा-दोन तासांत तो चढण्याजोगा होतो. हा फरक आम्ही तिकडे जाण्याआधी शिकलो आणि शहराबाहेर रायोलाइटच्याच एका ठेंगण्या टेकाडावर, जागामालकाची परवानगी काढून, दोन दिवस चढलो.

चढाई कशी केली ते थोडक्यात. सगळी वरून बांधलेल्या दोरावर. कड्याच्या माथ्यावर दोन वेगवेगळे अँकर, एक सुटला तरी दुसरा धरेल असे. खाली बिले देणारा, म्हणजे दोर सांभाळणारा, डोक्यावर हेल्मेट, हार्नेसला आठच्या आकड्याची गाठ, आणि ती गाठ दुसऱ्यानं तपासल्याशिवाय जमीन सोडायची नाही. हे दरेकसाला जसं तसंच जोधपूरला. वाळवंटाची म्हणून वेगळी काळजी दोनच गोष्टींची. पहिली वाळू. दोर जमिनीवर टाकला की विणीत बारीक कण शिरतात आणि प्रत्येक ताणाला आतून तंतू कापतात. म्हणून दोराखाली ताडपत्री हवीच. दुसरी ऊन. नायलॉनच्या पट्ट्या उन्हात महिनोन्‌महिने राहिल्या की रंग उडतो आणि ताकदही. कड्यावर आधीच्या कुणी सोडलेली पट्टी दिसली तर तिच्यावर वजन टाकायचं नाही, कितीही धडधाकट दिसो. चढाई सकाळी, किंवा दुपार कलल्यावर सावलीच्या बाजूला. तापलेल्या दगडावर बुटाचं रबर मऊ पडून सरकतं आणि घामेजलेली बोटं निसटतात.

दोन्ही मुलखांत एक धोका सारखाच आहे, आणि आमच्या मुलांना तो पुस्तकाशिवाय कळतो. आग्या माश्या. ओव्हरहँगखाली लटकलेली काळपट पोळी खालून दुर्बिणीनं आधी शोधायची. त्या बाजूला दोर लावायचा नाही. धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता मुक्कामाकडे येतो. त्याआधी आमच्या भागातल्या सगळ्यात मोठ्या मुक्कामाविषयी सांगितलंच पाहिजे. दरेकसाजवळ, धनेगावच्या वरच्या डोंगरात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा राज्यांतून लाखो लोक येतात, पिवळे कपडे घालून डोंगर चढतात, आणि रात्री पायथ्याच्या शेतांत, झाडांखाली राहतात. गोंड परंपरेत सांगतात की काली कंकालीची मुलं या गुहेत कोंडली गेली होती, तोंडावर प्रचंड शिळा होती. पारी कुपार लिंगो, जंगो रायताड आणि वादक हिरासुका पाटालीर त्यांना सोडवायला आले. हिरासुकाच्या किंगरीचे सूर आत पोहोचले, मुलांच्या अंगात बळ आलं आणि शिळा हलली. पण तिच्याखाली हिरासुकाच सापडला. या परंपरेचा अभ्यास नागपूरचे गोंडी भाषेचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी आयुष्यभर केला आणि तो पुस्तकांतून मांडला.

चढाईच्या लेखात ही कथा आणण्याचं कारण आहे. कचारगडच्या कड्याला दोर लावावा अशी इच्छा बाहेरून आलेल्या एखाद्याला होऊ शकते. लावू नये. ते देवस्थान आहे आणि तिथे चढण्याची पायवाट हीच चढाई. पण तिथला मुक्काम बघून खूप शिकता येतं. गडचिरोली किंवा बैतूलहून आलेलं कुटुंब जागा निवडताना मी पाहिलं आहे. आजी आधी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. मग नाल्यापासून हातभर उंचावर, पण टेकाडाच्या पार माथ्यावर नाही, अशी जागा धरते. आधी तणस अंथरते, मग सतरंजी.

वाळूत झोपायलाही नेमकं हेच लागतं. जोधपूरच्या उत्तरेला ओसियांजवळ वाळूच्या टेकड्या आहेत. जानेवारीत तिथे दिवसा २५ अंशांच्या आसपास सुखाची हवा असते, आणि पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. इतका फरक का? आमच्याकडे हवेत बाष्प असतं, ढग असतात, झाडांचं छत असतं. जमिनीनं रात्री सोडलेली उष्णता हे सगळे अडवून परत पाठवतात. वाळवंटात वर कोरडं, उघडं आकाश. उष्णता थेट निघून जाते. त्यात वाळूच्या कणांमध्ये हवा असते, त्यामुळे खालची ऊब वर यायला वेळ लागतो. पृष्ठभाग झपाट्यानं निवतो, जरा खाली बोट घातलं तर वाळू अजून कोमट लागते. थंड हवा जड, ती पाण्यासारखी खोलगट जागेत उतरून साचते. दोन टेकड्यांमधला आडोसा संध्याकाळी हवाहवासा वाटतो, पहाटे तिथेच दात वाजतात. माथ्यावर वारा झोडपतो. म्हणून उताराच्या मधल्या भागात, वाऱ्याला पाठ करून. आणि पांघरुणाइतकंच अंथरुण जाड हवं, कारण शरीराची ऊब खालून जमिनीत जाते. तंबूच्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. कापडी पिशवीत वाळू भरून ती दोरीला बांधायची आणि पुरून टाकायची. रात्रभर हलली नाही.

बूट सकाळी झटकून घालायचे. फुरसं आपल्या महाराष्ट्रात कोकणात लोक नीट ओळखतात, थरच्या वाळूत आणि दगडांतही ते आहे. थंडीत कमी फिरतं, पण लाकूडफाटा किंवा दगड उचलताना हात आधी घालायचा नाही, काठी घालायची.

कोरड्या नदीच्या पात्रात झोपू नये हे सगळे सांगतात, पण वाळवंटात पूर येईल यावर कुणाचा विश्वास बसत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात काही दिवसांत वर्षभराच्या सरासरीहून कितीतरी जास्त पाऊस कोसळला. कवास आणि आसपासची गावं बुडाली, शंभराहून अधिक माणसं गेली. त्याहून विलक्षण म्हणजे पाणी महिनोन्‌महिने ओसरलं नाही. वाळूखाली जिप्समचा थर होता, त्यानं पाणी मुरू दिलं नाही. पाणी कुठे थांबणार हे तिथेही खालच्या थरानं ठरवलं.

आणि हेच मला या सगळ्या प्रवासात सगळ्यात जास्त भावलं. रायोलाइट पाणी पीत नाही हे वर म्हणालोच. १४५९ साली राव जोधानं त्या कातळावर किल्ला बांधायला घेतला तेव्हा पिण्याच्या पाण्याचं काय, हा पहिला प्रश्न होता. उत्तर कातळानंच दिलं. त्यावर पडलेला थोडासा पाऊसही न मुरता वाहून जातो, म्हणून उतारांवर चर काढून ते पाणी तळ्यांत आणलं. किल्ल्याच्या पायथ्याची राणीसर आणि पदमसर ही तळी अशी भरतात. आता आपल्याकडे बघा. आमच्याही जमिनीखाली आमगाव नाइस, ग्रॅनाइट, रायोलाइट असा कठीण कातळ. पाऊस भरपूर, पण आत मुरायला जागा कमी. म्हणून कोहळी समाजानं शेकडो वर्षांपूर्वी उताराला पाळ घालून तलाव बांधले, नवेगाव बांधसारखे मोठे आणि गावोगावच्या बोड्यांसारखे लहान. मालगुजारी संपल्यावर त्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे नाव पडलं. भंडारा–गोंदिया हे तलावांचे जिल्हे म्हणून ओळखले जातात ते यामुळे. मारवाडचा माणूस आणि झाडीपट्टीचा माणूस एकमेकांना न भेटता एकाच उपायाला पोहोचले, कारण दोघांच्या पायाखालचा दगड सारखाच वागत होता.

मुक्कामाला मात्र तळ्यावर विसंबू नका. तिथलं पाणी गावाचं आहे, जनावरांचं आहे. माणशी रोज चार-पाच लिटर सोबत न्यायचं. कोरड्या हवेत घाम दिसत नाही, लगेच उडतो, म्हणून पाणी किती गेलं ते कळत नाही. तहान लागण्याची वाट बघायची नाही. लघवी गडद पिवळी झाली की उशीर झाला असं समजायचं.

शेकोटीचं विचाराल, तर आम्ही पेटवली नाही. जोधपूरपासून २५-२६ किलोमीटरवर खेजडली गाव आहे. १७३० साली तिथे खेजडीची झाडं वाचवताना अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई माणसांनी प्राण दिले. खेजडीला आपण शमी म्हणतो. त्या मुलखात वाळकी फांदी उचलतानाही हात थबकतो. आम्ही छोटा गॅस नेला होता, त्यावर खिचडी केली. गावांच्या देवाच्या नावानं राखलेली ‘ओरण’ नावाची रानंही तिथे आहेत. तिथे तंबू लावायचा नाही, चढायचं नाही. कचारगड ज्यांना कळतो त्यांना ओरण समजावून सांगावं लागत नाही.

परतीच्या गाडीत मुलांनी एकच प्रश्न लावून धरला, आपल्याकडे कुठे चढायचं? दरेकसाचा सगळा पट्टा राखीव जंगलाचा आहे, वनविभागाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. नक्षल चळवळीमुळे बरीच वर्षं लोक तिकडे जायला घाबरायचे, त्यामुळे पोलीस ठाण्यातही सांगून जावं. तिथल्या हाजरा फॉल धबधब्याला गावातलेच तरुण पर्यटनाचं काम बघतात, त्यांना जंगल ठाऊक आहे, त्यांना सोबत घ्यावं. धबधब्यालगतच्या कातळाला मात्र शेवाळ असतं, तिथे दोर असला तरी चढू नये. मार्चनंतर मोहाफुलं आणि तेंदूपत्ता वेचणारी माणसं रानात असतात, वणव्याचं भय असतं. म्हणजे उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नेमके वाळवंटात जायचे तेच महिने.

यंदा पाऊस दिवाळीपर्यंत लांबला. गेल्या रविवारी आम्ही सहा जण दरेकसाला जाऊन आलो. कातळाच्या खालच्या अंगाला अजून ओल होती, कपारीत बोट घातलं तर चिखल निघत होता. वर उन्हात आलेला भाग कोरडा होता. सगळ्यात लहान मुलगा पायथ्याशी फिरून ठोके देत होता आणि जिथे पोकळ आवाज आला तिथे खडूनं फुली मारत होता. दुपारपर्यंत अकरा फुल्या झाल्या. दोर पिशवीतच राहिला. पंधरा दिवसांनी पुन्हा जायचं ठरलं आहे.